कटिंगपेक्षा लांब गोष्ट

थोडक्यातकाकांनी वकिलांचा कान कापला, अर्धा कान चक्क खाली पडला आणि त्या धक्क्यानं काकांची वाचाच गेली, अशी बातमी आमच्या रस्त्यावर दोन महिने फिरत होती. इस्त्रीवाल्याकडून ती निघाली तेव्हा कानाला नुसता ओरखडा होता. औषधांच्या दुकानापर्यंत पोचेतो तीन टाके पडले. शाळेच्या फाटकापाशी आली तेव्हा कान बर्फात घालून दवाखान्यात नेलेला होता आणि सांगणारा छातीठोकपणे सांगत होता, "माझ्या आतेभावानं डोळ्यांनी बघितलंय."

आता खरं काय ते. वकिलांचे दोन्ही कान जागच्या जागी आहेत. डावा जरा मोठा आहे, पण तो जन्मापासून. आणि काकांची वाचा गेली नव्हती. काकांना बोलावंसंच वाटेनासं झालं होतं, आणि ते कसं झालं हे खुद्द त्यांनाही कळलं नव्हतं.

थोडक्यातकाका म्हणजे कोपऱ्यावरच्या सलूनचे थोरले मालक. दुकानात दोन खुर्च्या, दाराजवळची काकांची आणि आतली धाकट्या भावाची. काका प्रत्येक गोष्ट "थोडक्यात सांगतो" म्हणून सुरू करायचे आणि ती कधीच थोडक्यात नसायची, म्हणून हे नाव. धाकटा म्हणजे अगदी उलटं टोक. त्याचं सगळं काम तीन शब्दांत चालायचं: "बसा", "मान" आणि "झालं".

काकांची खुबी अशी, की गोष्ट डोक्याच्या मापाची असायची. दाढीला आला असाल तर छोटी. कटिंगला वीस मिनिटांची. केस काळे करायचे असतील तर आजोबांपासून नातवापर्यंत तीन पिढ्या. ज्यांच्या डोक्यावर कापण्यासारखं फारसं नाही त्यांना एक चुटका सांगून मोकळं करायचे. गोष्टीत चार माणसं असली तर चार आवाज निघायचे, त्यातला एक हमखास बाकावर बसलेल्यापैकी कुणाचा तरी असायचा. शेवटचं वाक्य पडायचं आणि त्याच क्षणाला गळ्याभोवतीचं कापड फटकन झटकलं जायचं. चाळीस वर्षांत ना गोष्ट उरली, ना केस.

याच चाळीस वर्षांत, दोन गिऱ्हाइकांच्या मधे, मागच्या दाराशी उभं राहून काका सिगारेट ओढत आले. मग खोकला आला, तो जाईना. मग जिना चढताना मधल्या वळणावर "जरा भिंत बघतो" म्हणून थांबायला लागले. छातीच्या डॉक्टरीणबाईंनी नळीत फुंकायला लावलं, कागदावरची रेघ बघितली आणि सांगितलं, फुप्फुसांचा जुनाट आजार आहे, गेलंय ते परत येणार नाही, आहे ते राखायचं. सिगारेट त्या दिवशी सुटली. पण श्वास आखूड झाला तो झालाच. चार शब्द, एक श्वास. चार शब्द, एक श्वास.

आणि मग तो वकिलांचा दिवस. वकिलांची कटिंग संपली आणि गोष्ट निम्म्यातच होती. असं कधी झालंच नव्हतं. वकील खुर्चीतून अर्धे उठलेले, एक हात दांडीवर, चेहऱ्यावर समोरच्या वकिलासाठी ठेवलेलं सभ्य हसू. बाकावर तिघं ताटकळत. काकांनी एकदा आरशात बघितलं, एकदा बाकाकडे. मग म्हणाले, "मग... झालं सगळं... नीट." आणि कापड झटकलं.

"वा, वा," वकील म्हणाले.

चाळीस वर्षांत काकांच्या गोष्टीला कुणी "वा, वा" म्हटलं नव्हतं. लोक हसायचे, शिव्या द्यायचे, "काहीही सांगता" म्हणायचे. "वा, वा" हे काकांना थेट फुप्फुसात जाऊन लागलं.

धाकट्यानं काय बघितलं, तर दादाला धाप लागली. त्यानं डोकं चालवलं, आणि त्याचं डोकं फारसं चालवायची सवय नसल्यामुळे ते भलतीकडे गेलं. दुसऱ्या दिवशी काकांच्या आरशावर पुठ्ठा चिकटवलेला होता. ठळक अक्षरांत: "मालकांना बोलायला लावू नये. सहकार्याबद्दल आभार."

गिऱ्हाइकांनी एवढ्या मनापासून सहकार्य केलं की विचारू नका. काकांवर जीव होता ना सगळ्यांचा. पोस्टमन यायचे ते ओठांवर बोट ठेवूनच. बारीक कापायचे तर दोन बोटांची चिमूट दाखवायचे, जसं काही काकांना ऐकूच येत नाही. इस्त्रीवाला कानात सांगितल्यासारखं कुजबुजायचा, "नेहमीचं." कुणी काही विचारीना, कुणी काही सांगेना. कुणाच्या मुलीचं जमलं, कुणाची बदली झाली, काही म्हणून कळेना. परीक्षेच्या वर्गात असते तशी शांतता, आणि त्यात धाकट्याचं "मान". काका दिवसभर आरशात आपला चेहरा आणि त्याच्यावर तो पुठ्ठा बघत उभे. दुकान चालू आहे, बंद आहोत ते आपण, असं त्यांच्या मनात बसलं. आधी ते उशिरा यायला लागले. मग एक दिवसाआड. मग आलेच नाहीत. आणि रिकामी खुर्ची बघून इस्त्रीवाल्याला कान सुचला.

घरी काकू शाळेचे गणवेश शिवतात. मशीन खिडकीपाशी, पलंग भिंतीपाशी. काका भिंतीकडे तोंड करून पडायचे.

"अहो, जरा गॅलरीत बसा की. ऊन आलंय."

"दम लागतो."

"बरं, दाढी तरी करा. आरसा इथं आणून देते."

"दम लागतो."

"रेडिओ लावू? ऐकायला काही दम लागत नाही."

काकांनी चादर कानावर ओढून घेतली. ज्या माणसानं हजारोंच्या दाढ्या केल्या त्याच्या गालावर बोटभर पांढरं रान माजलं होतं. आणि दम लागतो हे काही खोटं नव्हतं, त्यामुळे वाद तरी काय घालणार? काकूंनाही वाटायचं छातीच बिघडत चाललीय, काकांनाही तसंच वाटायचं. शिवाय आत एक टोचणी होती. सिगारेट आपणच ओढल्या, कुणी तोंडात कोंबल्या नव्हत्या. मग तक्रार कुठल्या तोंडानं करायची? त्यापेक्षा भिंत बरी. भिंत "वा, वा" म्हणत नाही.

एका रविवारी धाकटा आला, पलंगाच्या कडेवर बसला, गुडघे चोळले आणि त्याच्या आयुष्यातलं सगळ्यात लांब भाषण केलं. "दादा, एक कारागीर मिळतोय. चांगला आहे. दोन महिन्यांनी मोकळा होईल. तुझ्या खुर्चीवर बसवू का?"

भिंतीकडून आवाज आला, "बसव."

काकूंचं मशीन थांबलं. ती खुर्ची काकांनी स्वतः जाऊन निवडलेली होती, वर-खाली करायचा दांडा तीनदा दुरुस्त केलेला होता. ती एकदा गेली की या माणसाला पलंगावरून उठायचं कारणच उरत नाही, हे काकूंना लख्ख कळलं. "दोन महिने आहेत ना," त्या धाकट्याला म्हणाल्या. "मग दोन महिन्यांनी विचारा."

त्याच आठवड्यात डॉक्टरीणबाईंकडे तपासणी होती. काकांनी नळीत फुंकलं. बाईंनी नवी रेघ जुन्या रेघेशेजारी धरली, चष्मा वर केला.

"फुप्फुसं सहा महिन्यांपूर्वी होती तिथंच आहेत. मग तुम्ही कुठे गेलात?"

"अहो, त्यांना ना दम फार..." काकूंनी सुरुवात केली.

"काकू, तुमचा श्वास चांगला आहे, पण आता यांना बोलू द्या. मी थांबते." बाईंनी पेन खाली ठेवलं. "सकाळी जाग आली की पहिल्यांदा मनात काय येतं?"

काकांनी बराच वेळ घेतला. बाई खरंच थांबल्या.

"की... अजून एक दिवस... आला."

"आणि नसता आला तर?"

"चाललं असतं." मग काकूंकडे न बघता, "करायचं काही... नाही मनात. पण... चाललं असतं."

काकूंनी पर्सची चेन उघडली, लावली, परत उघडली.

"हे बरं झालं सांगितलंत," बाई म्हणाल्या. "उद्या मनात करायचं काही आलं, तर त्याच दिवशी काकूंना आणि मला सांगायचं. हे दमाचं दुखणं नाही, हे नैराश्य आहे. तुमच्यासारख्या पुष्कळांना होतं, आणि घरचेदारचे सगळे त्याला दमच समजतात."

"म्हणजे... मी वेडा?"

"अजिबात नाही. दोन दुखणी आहेत, इलाज आतापर्यंत एकाचाच झाला. यालाही गोळी आहे, तिला काही आठवडे लागतील. पण नुसत्या गोळीवर सोडणार नाही. आठवड्यातून एकदा समुपदेशकांशी बोलायचं, आणि तळमजल्यावरच्या व्यायामाच्या वर्गाला यायचं."

"व्यायाम? मला... चालवत नाही."

"तिथं कुणालाच चालवत नाही," बाई म्हणाल्या.

ते अक्षरशः खरं निघालं. तळमजल्यावरच्या लांबलचक खोलीत आठ जण होते, आठही आखूड श्वासाचे. आणि व्यायामाच्या बाई मात्र चौघांचा श्वास एकटीला मिळाल्यासारख्या. "नाकानं घ्या, ओठांनी सोडा. फुंकर अशी मारायची की मेणबत्तीची ज्योत हलली पाहिजे, विझता कामा नये. आजोबा, तुम्ही विझवलीत." पहिले दोन आठवडे काका काकूंच्या धाकानं गेले. परत आले की पुन्हा भिंत.

तिसऱ्या आठवड्यात बाईंनी सगळ्यांना खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायला लावलं, आणि वर म्हणाल्या, "गप्प चालायचं नाही. बोलता येतंय तोवर वेग बरोबर. बोलता येईना झालं की कमी करा. चला, बोला काहीतरी."

काकांच्या शेजारी एक निवृत्त बसचालक चालत होता. सलूनवाले आहेत एवढं त्याला ठाऊक होतं. तो म्हणाला, "बोला की... सलूनवाले."

"काही... आठवत नाही."

"मग मी... गाणं म्हणतो. वाईट... म्हणतो. आधीच सांगतो."

त्यानं खरोखर तोंड उघडलं. ते गाणं थांबवण्यापुरतंच काका म्हणाले, "थोडक्यात... सांगतो." आणि मग, आता सुरू केलंच आहे तर, सांगायला लागले.

एक साहेब होते. डोक्यावर टोप लावायचे, पण ऑफिसात कुणाला माहीत नव्हतं. आता केस कधी वाढलेच नाहीत, तर संशय येणार. म्हणून साहेबांनी दोन टोप केले, एक लहान केसांचा, एक वाढलेल्या केसांचा. महिनाअखेर वाढलेला टोप घालून सलूनमध्ये यायचे, पिशवीतून लहान टोप आणायचे. काका वीस मिनिटं हवेत कात्री चालवायचे, पडद्याआड टोप बदलायचा, साहेब कटिंग करून बाहेर.

इथं काकांचा श्वास संपला. त्यांनी भिंतीला हात लावला, फुंकर मारली. मान वर केली, तर कुणीही पुढे गेलं नव्हतं. सगळ्यांनाच थांबायचं होतं, सगळ्यांचा श्वास तिथंच संपला होता. आठ माणसं एका रांगेत उभी राहून आठ न दिसणाऱ्या मेणबत्त्या हलवत होती आणि काकांकडे बघत होती.

"मग?" बसचालक म्हणाला.

"मग एकदा... साहेबांनी उलटं केलं. येताना लहान... घालून आले. पिशवीत... मोठा." फुंकर. "आणि बाकावर बसलेला... त्यांच्याच ऑफिसचा... शिपाई. साहेब आत गेले... केस लहान. बाहेर आले..."

कुणीतरी आधीच खुसखुसायला लागलं.

"...केस मानेपर्यंत. शिपाई बघतोय. साहेब बघतायत. मी म्हटलं... आमच्याकडे नवीन तेल... आलंय." फुंकर. एक. दोन. "तो शिपाई... अजून येतो. तेल मागायला."

आठ जण हसले आणि आठही जण खोकले. बसचालक खुर्ची शोधत खाली बसला. व्यायामाच्या बाई धावत आल्या. "हसायचं तर फुंकर मारत हसा हो. एकेकानं हसा." मग त्यांना स्वतःलाच एवढं हसू आलं की त्याही तिथंच टेकल्या.

आता त्या दिवशी काका बरे झाले असं कुणी समजू नये. दुसऱ्या दिवशी दिवसभर भिंतच होती. तिसऱ्या दिवशीही. पण पुढच्या वर्गाला ते स्वतःहून चपला घालून दारात उभे होते. गोळी आपल्या गतीनं काम करत होती. समुपदेशकांनी काकांकडून एकेक बारीकसारीक गोष्ट कबूल करून घेतली होती: आज पाच मिनिटं खिडकी, उद्या एक गाल तरी दाढी. सहाव्या आठवड्यात एका सकाळी काका पडल्या पडल्या म्हणाले, "तुझ्या मशीनला... तेल घाल. कुरकुरतंय."

काकूंनी सुईखालचं कापड तसंच सोडलं. कितीतरी महिन्यांत या माणसानं भिंतीपलीकडचं पहिल्यांदा काही ऐकलं होतं. त्यांनी मुद्दाम आणखी दोन दिवस तेल घातलं नाही. परत म्हणतात का बघायचं होतं. म्हणाले, आणि चिडून म्हणाले.

कारागीर यायच्या मुदतीला आठ दिवस उरले असताना काका दुकानात गेले आणि आपल्याच खुर्चीत गिऱ्हाईक म्हणून बसले. धाकट्यानं न बोलता कापड बांधलं, साबण फेसला.

"तो पुठ्ठा... कशाला रे?"

वस्तरा थांबला. "तुझा श्वास वाचावा म्हणून."

"वाचवून... ठेवायचा कुठे? डब्यात?"

धाकट्यानं हनुवटीखाली बोट लावून काकांची मान उगाचच वर केली, म्हणजे आरशात एकमेकांकडे बघायला नको. मग म्हणाला, "लोक मला गोष्टी मागतात."

"सांगितलीस?"

"एक."

"कुठली?"

"एक माणूस आला. गेला."

काका फुंकर मारत मारत हसले. पुठ्ठा धाकट्यानंच काढला, चिकटपट्टीचे चार डाग आरशावर राहिले. पण खुर्चीचं विचारलं तेव्हा काका पुन्हा गंभीर झाले. "ओळखीचे... बसतील रे. कटिंग झाली तरी... बसतील. जीव आहे म्हणून. मला ते... वा, वा... नको." ज्याला माझी दया येणार नाही असा कुणी बसला तर बघू, नाहीतर खुर्ची कारागिराला, असं त्यांचं म्हणणं.

हे संभाषण बाकावर बसून ऐकत होते अस्मादिक. म्हणजे दुकानाच्या वरच्या मजल्यावर राहणारी, मास्तरांची नक्कल मास्तरांसमोरच केल्यामुळे दोनदा वर्गाबाहेर गेलेली मुलगी. तेवढ्यात पार्सल पोचवणारा एक माणूस आत आला. या भागात कधी न दिसलेला. गाडी बाहेर धडधडत ठेवलेली. "बसू का? पटकन हं, लई वेळ नाही. बाजूचे तेवढे कमी करा."

अस्मादिकांची जीभ नको तिथं चालते. "काका, हा तुमचा माणूस. पण कटिंग झाली की हा दुसऱ्या सेकंदाला पळणार. लावा पैज."

"हरलीस तर... तुझे केस मी... माझ्या मनानं कापणार."

"आणि तुम्ही हरलात तर?"

काका खुर्चीतून उठले, अर्धी राहिलेली दाढी टॉवेलनं पुसली, कात्री हातात घेतली. "तर एक तारखेला... कारागीर."

पैज मागे घ्यायला तोंड उघडलं होतं, खरं सांगते, पण काकांनी त्या माणसाच्या गळ्याभोवती कापड बांधलंसुद्धा. "थोडक्यात... सांगतो," ते म्हणाले.

एक पैलवान अर्धी मिशी काढलेली असताना खुर्चीतून पळाला, ती गोष्ट. का पळाला? तर आरशात दारातून येणारी बायको दिसली. तिनं मिशी बघून लग्न केलं होतं. गोष्ट चार चार शब्दांनी पुढे सरकत होती, कात्री मात्र पूर्वीच्याच चपळाईनं. दहाव्या मिनिटाला बाजू कमी झाल्या. आतल्या खुर्चीपाशी उभा असलेला धाकटा सवयीनं बोलून गेला, "झालं," आणि जीभ चावली.

"मग पैलवानानं... गालाला..." इथं काकांचा श्वास संपला. फुंकर. एक.

माणसाच्या खिशात फोन वाजायला लागला. त्यानं काढला, बघितला.

फुंकर. दोन.

माणूस उठला. कापडासकट उठला आणि सरळ दाराबाहेर गेला. बाकावरच्यांनी खाली बघितलं. काका कात्री धरून जागच्या जागी. त्या क्षणी पैज जिंकल्याचं जेवढं वाईट वाटलं तेवढं मला आयुष्यात कशाचं वाटलं नव्हतं.

बाहेरची धडधड थांबली. माणूस किल्ली खिशात घालत आत आला, खुर्चीत मागे टेकून बसला. "पेट्रोल जळत होतं. हां, गालाला काय?"

"...फडकं बांधलं," काका म्हणाले. "सांगितलं... दाढ दुखते. बायको नेते... दातांच्या डॉक्टरकडे. आता मिशी दाखवायची... का दाढ काढू द्यायची?"

"काढली?"

"धडधाकट दाढ. फडकं जरासुद्धा... वर न करता."

"काहीही सांगता राव," माणूस म्हणाला. हसता हसता त्यानं स्वतःच्या दाढेवर हात ठेवला होता. काकांनी कापड काढलं, झटकायचं विसरले आणि तसंच छातीशी धरून उभे राहिले.

कारागीर आला, पण दुपारचा. सकाळी तीन तास खुर्ची काकांची, उंच स्टुलावर बसून. अजूनही कधीकधी ते दोन-दोन दिवस येत नाहीत. तेव्हा काकू गालावरची वाढ बघतात, तिसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंना फोन करतात.

अस्मादिकांची कटिंग त्याच दिवशी उरकली. कपाळावर आता जे काही आहे त्याला शाळेत "पडदा अर्धा वर" म्हणतात. आई म्हणते, दोन महिन्यांत वाढेल. काका म्हणतात, "वाढू दे... परत पैज लाव."